कान असलेली नळी

परवाना शाखेत रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सरोजिनी मोहिलेनं पहिल्यांदा बंदूक हातात घेतली, तेव्हा ती तिनं शेजारणीचं तान्हं मूल घ्यावं तशी आडवी, छातीशी धरली. हेडक्लार्क नाना चष्म्यावरून पाहत राहिले. मग त्यांनी नळीचं तोंड दोन बोटांनी आपल्या पोटावरून हळूच भिंतीकडे वळवलं आणि म्हणाले, "बाई, पहिला नियम. रिकामी बंदूक असं काही नसतं. हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं."

त्या शाखेत तिच्याआधी कुणी बाई आलेली नव्हती. सरोजिनीनं खरं तर शिक्षण खात्यासाठी अर्ज केला होता. पण छप्पनच्या अखेरीस द्विभाषिक राज्य झालं, फायली आणि माणसं इकडची तिकडे झाली, आणि त्या घालमेलीत तिचा कागद फोर्टातल्या एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर, हत्यारांचे परवाने देणाऱ्या शाखेत येऊन पडला. वय सव्वीस, टायपिंग उत्तम, राहायला गिरगावात खोताच्या वाडीला लागून असलेल्या चाळीत. वडील गंगाधरपंत गोदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना सरकारी नोकरीचं कौतुक होतं, मग ती कसलीही असो. आई आनंदीबाई मात्र शेजारी 'मुलगी सरकारी कागदपत्रांत आहे' एवढंच सांगायची. बंदुकांचं नाव काढलं तर येणारी स्थळं जिन्यावरूनच परत जातील, अशी तिला भीती होती.

नानांना निवृत्त व्हायला दीड वर्ष राहिलं होतं आणि आपल्यामागे या शाखेत काडतूस आणि पेन्सिलीचं टोपण यातला फरक कळणारं कुणी राहणार नाही, ही त्यांची काळजी होती. सरोजिनीची वही पाहून ती काळजी थोडी कमी झाली. ही मुलगी विचारलेलं लिहून घेते आणि न कळलेलं पुन्हा विचारते, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं.

बंदूक ओळखायला नानांनी तिला चार प्रश्न दिले. ती पुढून भरायची की मागून? पुढून दारू आणि गोळी गजानं ठासावी लागत असेल तर ठासणीची. मागून काडतूस घालता येत असेल तर काडतुसी. नळी आतून गुळगुळीत की आट्यांची? गुळगुळीत असेल तर छऱ्यांची शिकारी बंदूक. आत स्क्रूसारखे आटे फिरलेले असतील तर रायफल, कारण त्या आट्यांनी गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. खांद्याला लावायची की मुठीत धरायची? आणि शेवटचा, एक बार झाल्यावर दुसरं काडतूस जागेवर कोण आणतं, तुम्ही की बंदूक स्वतः? मुठीत धरायच्या हत्यारात काडतुसांचं गोल घर फिरत असेल तर रिव्हॉल्व्हर. काडतुसांची पेटी मुठीत सरकवायची असेल तर पिस्तूल. मात्र जुन्या काळचं एकबारी ठासणीचं असेल तर तेही पिस्तूलच, आणि लोक या सगळ्यांना सरसकट रिव्हॉल्व्हर म्हणतात म्हणून आपण म्हणायचं नाही.

बोअरचा हिशेब तिला पहिल्यांदा उलटा वाटला. बारा बोअरची नळी वीस बोअरच्या नळीपेक्षा मोठी कशी? नानांनी लाडवांवर आणून समजावलं. एक रतल, म्हणजे पौंडभर, शिसं घ्या. त्याचे बारा सारखे लाडू वळा. त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. तेवढ्याच शिशाचे वीस वळले तर लाडू लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारीक. सरोजिनीनं घरी जाऊन हे आईला सांगितलं. आनंदीबाईंनी शिशाचे लाडू हे शब्द पुन्हा या घरात काढायचे नाहीत, असं बजावलं.

मार्चमध्ये निवडणूक होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी परळ-लालबाग रोज संध्याकाळी गजबजायचं, भिंती रंगलेल्या, आणि गेल्या वर्षीचे गोळीबार लोक विसरले नव्हते. मतदान होईपर्यंत गिरणगावातल्या परवानेदारांनी आपापली हत्यारं पोलिसांकडे जमा करावीत, असा हुकूम निघाला. नोंद करायला शाखेतून माणूस हवा होता. एक कारकून रजेवर, दुसऱ्याला कावीळ. नानांनी सरोजिनीचं नाव पुढे केलं, आणि ती रजिस्टर, फूटपट्टी आणि डबा घेऊन लालबागच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात आठ दिवसांसाठी जाऊन बसली.

तिथले फौजदार रमाकांत घोसाळकर पन्नाशीला आलेले, रत्नागिरीकडचे, स्वभावानं वाईट नव्हते. पण महिनाभर रोज मोर्चे आणि रोज वरून फोन यामुळे त्यांना झोप नव्हती. त्यांनी बाईमाणूस पाहून कोपऱ्यातलं टेबल पुसून घेतलं आणि बाकी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पहिल्या तीन दिवसांत पस्तीस हत्यारं आली. कॉटन ग्रीनच्या गोदामाचा पहारेकरी आपली एकनळी इतक्या जपून घेऊन आला की तिला निरोप देताना त्याचे डोळे भरले. एका गिरणीच्या पारशी मॅनेजरनं हत्तीच्या शिकारीची रायफल आणली, जिनं त्यानं आयुष्यात एकदाच, एका नारळावर बार काढला होता. एक म्हातारे सुभेदार गुप्ती घेऊन आले आणि ही काठी आहे की हत्यार यावर अर्धा तास बोलत बसले. सरोजिनी प्रत्येकाला नानांचे चार प्रश्न विचारायची, नळीत डोकावायची आणि सुबक अक्षरात नोंद करायची. तिसऱ्या दिवशी हवालदार तिच्याकडे पाहून आपापसात हसेनासे झाले.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, दोन शिपायांनी एका माणसाला आणि त्याच्याबरोबर एका बंदुकीला आत आणलं.

माणूस तिशीचा, उंच, अंगात गिरणीचा निळा शर्ट, केसांत कापसाचे तंतू. नाव दौलत कांबळे, रिंगखात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर, फिटर. एका चाळीवरून दगड आल्याचा संशय होता म्हणून पोलिसांनी झडती घेतली. दगड सापडले नाहीत, पण दौलतच्या खोलीत बाकाखाली, गोधडीत गुंडाळलेली ही बंदूक सापडली. शिपाई खुशीत होते. घोसाळकरांनाही हायसं वाटलं असावं, कारण रोज वरून विचारणा व्हायची की काही सापडलं का. त्यांनी बंदूक सरोजिनीच्या टेबलावर ठेवली आणि लिहायला सांगितलं: देशी बनावटीची बंदूक, एक, विनापरवाना.

दौलतनं शांतपणे सांगितलं की ती नाटकातली आहे. त्यांचं कलापथक होतं, रविवारी चाळीच्या पटांगणात त्यांचं लोकनाट्य होतं, त्यात एक गोरा साहेब बार काढतो. हे तो चाळीतही तीनदा सांगून चुकला होता. शिपायांचं म्हणणं, पकडलेला प्रत्येक जण काहीतरी नाटकच सांगतो.

सरोजिनीनं बंदूक उचलली, तोंड भिंतीकडे केलं आणि नीट पाहिली. दस्ता खाटेच्या पायाचा होता, पॉलिशसकट. नळी म्हणजे नळाचा पाइप, वर काळा रंग. घोडा एका जुन्या कुलपाच्या पत्र्याचा, त्याला स्प्रिंग, आणि तो जिथे आपटायचा तिथे दिवाळीतल्या टिकल्यांची राख. काम सुरेख होतं. पाच पावलांवरून कुणीही फसलं असतं.

रजिस्टरमध्ये एक रकाना बोअरचा होता, म्हणून तिनं दौलतला नळीचा बोअर विचारला. त्यानं बोअर म्हणजे काय ते विचारलं. तिनं एक रतल शिशाचा हिशेब सांगितला, फक्त लाडू वगळून.

दौलतचा चेहरा उजळला. "म्हणजे सुताच्या नंबरासारखं. रतलात जेवढ्या जास्त लड्या, तेवढं सूत बारीक. साठ नंबर वीस नंबरापेक्षा बारीक. असंच ना?"

तसंच होतं, आणि नानांच्या लाडवांपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. सरोजिनीला ते इतकं आवडलं की ती क्षणभर आपण ठाण्यात आहोत हे विसरली. मग तिनं घोसाळकरांकडे वळून सांगितलं की चोरून बंदूक बनवणाऱ्या माणसाला बोअर म्हणजे काय हे ठाऊक नाही, ही गोष्ट साहेबांनी ध्यानात घ्यावी. आणि दुसरं म्हणजे ही बंदूक नाही.

घोसाळकर खुर्चीत मागे रेलले. नळी आहे, घोडा आहे, दस्ता आहे, मग आणखी काय हवं, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की दारू पेटून तिच्या जोरानं नळीतून काही बाहेर फेकलं जातं ती बंदूक. दिसणं व्याख्येत येत नाही. त्यावर फौजदारांनी, ते काही कच्चे नव्हते, कायद्यातला दुसरा शब्द काढला. कायद्यात नुसती हत्यारं नाहीत, हत्यारांचे भागही आले. पूर्ण बंदूक नसेल तर बंदुकीचा भाग म्हणून लिहा. भागालाही शिक्षा तेवढीच.

हे खरं होतं. सरोजिनी थोडी गडबडली. तिनं पुन्हा नळी फिरवून पाहिली, मागच्या टोकाला बोट लावलं, आणि मग साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या मागितला. कुणाला काही कळायच्या आत तिनं नळी उभी धरून तोंडातून आत पाणी ओतलं. नळी काठोकाठ भरली. सगळे वाट पाहत राहिले. घोड्याकडे एक थेंब आला नाही.

"मागं लाकडाची गुडदी ठोकलीय," दौलत म्हणाला. "आरपार काय नाय तिला."

सरोजिनीनं समजावून सांगितलं. टिकली बाहेर वाजते, तिचा विस्तव आत जाणार कुठून? ही मागून उघडत नाही, म्हणजे काडतुसी नव्हे. आणि ठासणीची म्हणावी तर ठासणीच्या नळीला मागच्या टोकाशी बाजूला एक बारीक भोक असावं लागतं. त्याला कान म्हणतात. त्यातून ठिणगी आत दारूपर्यंत जाते. कान नाही तर बार नाही, बार नाही तर ती नळी बंदुकीचा भाग नाही, पाण्याचा नळ आहे. नळीची ओळख तिच्या कानावर. नुसती जुनी गंजकी नळी असली, पण तिला जर एका टोकाशी बाजूला बारीक भोक...

आणि इथे ती बोलायची थांबली.

घरी बंब पेटवायला आणि शेगडी फुलवायला आनंदीबाईंकडे एक लोखंडी फुंकणी होती. वीतभरापेक्षा थोडी मोठी, जड, आणि एका टोकाशी बाजूला बारीक भोक. त्या भोकातून वारा निसटतो म्हणून त्यावर अंगठा दाबून फुंकायचं, हे सरोजिनीला दहाव्या वर्षी आईनं शिकवलं होतं, आणि आईला तिच्या सासूनं. मोहिल्यांचे कुणी पूर्वज अलिबागकडे आंग्ऱ्यांच्या पदरी होते, त्यांच्या घरातून ती आलेली. त्या भोकाचं काय काम, हा प्रश्न घरात कुणाला कधी पडला नव्हता.

घोसाळकरांना वाटलं, बाईंचं म्हणणं संपलं. ते म्हणाले की हे सगळं त्यांना कागदावर हवं, सहीनिशी. उद्या दुपारी डेप्युटी साहेब येतील, त्यांना पटलं तर माणूस सुटेल, तोवर तो इथेच राहील. आणि चूक निघाली तर सही त्यांची नव्हे, बाईंची असेल. सरोजिनीनं बसून पानभर टिपण लिहिलं. 'ज्या नळीस कान आहे तीच ठासणीच्या बंदुकीचा भाग समजावी' हे वाक्य लिहिताना तिला घरची फुंकणी आठवली, पण तिनं ते तसंच लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, सरळ मोरीजवळ गेली आणि बंबाशेजारची फुंकणी उचलली. राखेनं आणि चिंचेनं ती खसाखसा घासली. काजळीखालून भोकाजवळ अंडाकृती ठसा निघाला, आत दोन अक्षरं. तिनं ती दिव्याकडे धरून आत पाहिलं. गुळगुळीत, आटे नाहीत. मुठीत धरायची. ठासणीची. कुणा घोडेस्वाराच्या कमरेच्या पिस्तुलाची नळी, शेपटाकडचा स्क्रू काढून दोन्हीकडून मोकळी केलेली.

तिनं हे सांगितल्यावर गंगाधरपंतांनी आधी दार लावून घेतलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर साधा ठपका नव्हता आणि आता त्यांच्या मोरीत विनापरवाना हत्यार निघालं होतं. चौपाटी दहा मिनिटांवर आहे, फिरायला जाताना पिशवीत न्यावी आणि पाण्यात सोडून द्यावी, असं त्यांचं मत पडलं. आनंदीबाईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या सासूनं दिलेली वस्तू समुद्रात जाणार नव्हती आणि ठाण्यातही जाणार नव्हती. उद्या सकाळी ती बंबाजवळ असणार होती, कारण उद्या सकाळीही यांना आंघोळीला गरम पाणीच लागणार होतं.

सरोजिनीनं त्यांना दौलत कांबळेबद्दल सांगितलं. तो आज रात्री कोठडीत आहे, आणि मी सहीनं लिहून दिलंय की कान असेल ती बंदूक, नसेल ती नव्हे. दुसऱ्याच्या घरच्या वस्तूला एक व्याख्या आणि माझ्या घरच्या वस्तूला दुसरी, असं मला करता येणार नाही.

"अगं, पण मी त्यातून कुणाला मारलं का?" आनंदीबाई म्हणाल्या. "जाळ फुलवला मी तिनं, पंचवीस वर्षं."

"त्यानंही कुणाला मारलं नाही, आई."

आनंदीबाईंनी पानं वाढायला घेतली. सकाळी सरोजिनी उठली तेव्हा बंब पेटलेला होता, पाणी तापलं होतं, आणि फुंकणी धुऊन पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या डब्याशेजारी ठेवलेली होती.

ती आधी फोर्टात नानांकडे गेली. नानांनी नळी हातात घेतली, ठसा पाहिला, नखानं कान साफ केला, आणि सरोजिनीला वाटलं, हे आता नळीची पापी घेतात की काय. असा नमुना त्यांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. तिनं विचारलं, आता काय होईल? नाना म्हणाले, स्वतःहून नेऊन दिलीत तर बहुतेक पावती मिळेल; दुसऱ्यानं शोधली असती तर पंचनामा झाला असता. बहुतेक या शब्दावर ती अडली. तो शब्द काढून टाकता येणार नाही, असं नाना म्हणाले. त्यांनी बरोबर येऊ का, असंही विचारलं, आणि तिनं उत्तर द्यायच्या आत स्वतःच मान हलवली. सही तिची होती, तिनंच जायला हवं.

ट्राममध्ये ती नळी मांडीवर घेऊन लालबागपर्यंत बसली होती. आजवर तिच्या हातात चाळीस हत्यारं आली, पण तोंड कुणाकडे आहे हे पुन्हापुन्हा पाहिलं ते या फुंकणीचं.

डेप्युटी साहेब वेळेआधीच आले होते. घोसाळकर उभे होते, टेबलावर दौलतची बंदूक आणि सरोजिनीचं टिपण. साहेबांनी टिपण वाचलं होतं आणि त्यांना ते पुस्तकी वाटत होतं. कान म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी विचारलं. सरोजिनीनं वर्तमानपत्र सोडलं, फुंकणी बाहेर काढली आणि सांगितलं की ही माझ्या घरची आहे, काल संध्याकाळपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं, मी ती जमा करायला आणली आहे. मग तिनं तांब्या घेतला. आधी दौलतच्या नळीत पाणी ओतलं. पाणी आतच राहिलं. मग फुंकणीचं कानाकडचं तोंड तळहातानं दाबलं आणि वरून पाणी ओतलं. कानातून बारीक, सरळ धार निघाली आणि ती नेमकी घोसाळकरांच्या पट्ट्यावर पडली.

मग डेप्युटी साहेब हसले, आणि ते हसले म्हणून घोसाळकरांनाही हसायला आलं. साहेबांनी फुंकणी उलटसुलट केली, कानावर अंगठा ठेवून पाहिला, आणि ही वापरात होती का, असं विचारलं. रोज सकाळी, असं सरोजिनीनं सांगितलं. ही आणली नसती तर कुणाला कळलं असतं का, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. नाही, असं ती म्हणाली.

"घोसाळकर," साहेब म्हणाले, "बाईंना पावती द्या. आणि त्या नटाला सोडा."

नोंद सरोजिनीनंच केली. अनुक्रमांक एक्केचाळीस. पिस्तुलाची नळी, ठासणीची, आतून गुळगुळीत, कानासह, स्वखुशीनं जमा, जमा करणार आनंदीबाई गंगाधर मोहिले. दौलतची बंदूक तिच्या रजिस्टरात आलीच नाही. तिच्यासाठी घोसाळकरांनी आपल्या वहीत 'नाटकाचे सामान, परत दिले' एवढं लिहिलं. कोठडीतून बाहेर आल्यावर दौलतनं घडलेलं सगळं हवालदाराकडून ऐकलं. तो तिच्या टेबलापाशी आला, आणि त्यानं विचारलं ते एवढंच की मग उद्या तुमची आई बंब कशानं पेटवणार? रविवारच्या प्रयोगाला दोघींनी यायचंच, असंही तो सांगून गेला.

आनंदीबाई यायला तयार होतील असं सरोजिनीला वाटलं नव्हतं. पण ज्याच्यापायी माझी फुंकणी गेली तो माणूस मला पाहायचाय, असं म्हणून त्या जरीकाठी लुगडं नेसून निघाल्या.

पटांगणात कनाती बांधल्या होत्या, दोन गॅसबत्त्या, समोर हजारभर माणूस. दौलतची आई मीराबाई त्यांना घ्यायला पुढे आली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून ती तशीच राहायची. तिनं दोघींना पुढे सतरंजीवर बसवलं आणि आधी आनंदीबाईंच्या हातात कागदात गुंडाळलेली एक वस्तू ठेवली. पितळेची फुंकणी, झळझळीत, दौलतनं रात्रपाळी करून आल्यावर कापून घासून केलेली. आनंदीबाईंनी ती गॅसबत्तीकडे धरली, गोल फिरवली, बाजूला कुठे भोक आहे का ते पाहिलं, आणि मगच पिशवीत टाकली.

मग चहा आला. मीराबाईनं कपबशी पुढे केली. आनंदीबाईंच्या हातात ती क्षणभर तशीच राहिली. सरोजिनीनं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं तेव्हा आई बशीत चहा ओतून घेत होती आणि मीराबाईला विचारत होती की आलं घालता की गवती चहा.

खेळ रंगला. गोरा साहेब झालेला दौलत टोपी घालून आला आणि पटांगणभर शिट्ट्या झाल्या. त्याच्यासमोर कोंडीराम नावाचा त्याचा मित्र, गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, छाती पुढे काढून उभा. दौलतनं बंदूक रोखली, चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. दोन दिवसांच्या पाण्यानं आतली लाकडी गुडदी फुगून घोडा अडकला होता. दौलतनं पुन्हा ओढला. सरोजिनीनं पदर तोंडाला लावला, कारण समोर बसलेल्या हजार माणसांत हे असं का झालं ते एकट्या तिलाच ठाऊक होतं. कोंडीराम मरायची वाट पाहून कंटाळला, साहेबाला म्हणाला की तुझ्या सरकारसारखीच आहे तुझी बंदूक, आणि आपखुशीनं आडवा झाला. हा हशा किती वेळ चालला ते सांगता येत नाही. हे वाक्य त्यांनी पुढच्या प्रत्येक प्रयोगात ठेवलं.

हशा ओसरत असताना मीराबाई सरोजिनीकडे सरकली. दौलत सांगत होता की बाईंना सगळ्या बंदुका ओळखता येतात, ते खरं का, असं तिनं विचारलं. थोड्याफार, असं सरोजिनी म्हणाली.

"आमच्या खालच्या मजल्यावरचा गणपत गेल्या साली जानेवारीच्या गोळीबारात गेला. तो दूध आणायला निघालेला," मीराबाई म्हणाली. "ती बंदूक कुठली होती?"

सरोजिनीला चारही प्रश्नांची उत्तरं येत होती. तिनं ती बोलून दाखवली नाहीत.

"रायफल असेल, मावशी."

मीराबाईनं मान हलवली. तिला नाव हवं होतं, ते मिळालं. तिनं आनंदीबाईंची रिकामी बशी उचलली आणि आणखी घोटभर घेणार का, म्हणून विचारलं. आनंदीबाई घेईन म्हणाल्या. समोर कोंडीराम उठून धूळ झटकत होता, डफ पुन्हा सुरू झाला होता, आणि मागच्या रांगेतली माणसं नीट दिसावं म्हणून उभी राहत होती.